स्वतःचे लाकूड-मातीचे घर : किती दिवसांत उभे राहते?

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



खत, बियाणे, फवारणी यांवर आपण नेहमी बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे, तो म्हणजे घर. कृषी विस्तार अधिकाऱ्याने घराबद्दल कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण गावात बसलो की प्रश्न येतोच : "साहेब, बांधावरची बाभळ अन् लिंब तोडून घर करायचं म्हणतो. मृगाच्या आधी होईल का?" प्रश्न घराचा वाटतो, पण मूळ शेतीचाच आहे. लाकूड शेतातले, माती शेतातली आणि दिवसही शेतीतूनच काढायचे. घर लांबले तर पेरणी लांबते. घरासाठी बियाण्याचा पैसा मोडला तर पुढचे वर्ष अंगावर येते.

नॉर्वे, रशिया, अमेरिका या थंड मुलुखांत सूचिपर्णी झाडांचे सरळ ओंडके एकावर एक आडवे रचून घरे बांधतात. तिकडे तसले लाकूड मुबलक आणि हलके. आपल्याकडे सागवान किनवट-माहूरच्या जंगलात. लातूर, औसा, निलंगा, देगलूर, मुखेड या भागांत बाभूळ, लिंब, हिवर अशी झाडे. ती जड, वाकडी आणि मोजकी. म्हणून आपल्या वाडवडिलांनी ओंडक्यांच्या भिंती केल्या नाहीत. त्यांनी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा केला, भोवती दगड-मातीची भिंत घातली आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद चढवले. किनवटकडे भिंतीच्या जागी कूड आला. आपले लाकडी घर म्हणजे हेच. ते किती दिवसांत होते याचा हिशेब आज मांडू.

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. दोन खोल्यांच्या माळवदी घराला हाताचे काम सुमारे ८३ दिवसांचे आहे. पण पंचांगाने मोजाल तर जवळजवळ १६ महिने लागतात. या दोन आकड्यांमधला फरक ज्याला समजला, त्याचे घर टिकते. जो सोळा महिन्यांचे काम तीन महिन्यांत उरकायला जातो, त्याचे ओले लाकूड पुढे पिळवटते आणि भिंतीला पोट येते.

पहिले काम लाकडाचे

झाड तोडण्याआधी परवानगीचे बघा. महाराष्ट्रात १९६४ सालापासून झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा आहे. सागासारखी झाडे स्वतःच्या सातबाऱ्यात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत आणि तोडलेला माल हलवायला वाहतूक पास लागतो. कोणत्या झाडाला काय लागते हे तलाठ्याकडे आणि वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. कागदाला वेळ लागतो, म्हणून अर्ज दसरा-दिवाळीच्या सुमारास करा. बांबूचे मात्र सोपे झाले आहे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे आपल्या शेतातला बांबू तोडायला तशी परवानगी लागत नाही.

तोड करायची ती पौष-माघात. थंडीत लाकडात रस कमी असतो, त्यामुळे भुंगेरा कमी लागतो आणि वाळताना तडेही कमी जातात. झाड पाडल्यावर साल लगेच काढा. साल राहिली की तिच्याखाली किडा घर करतो. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना शेण-माती किंवा डांबर फासा. तोंडाकडून पाणी झपाट्याने उडते आणि तिथूनच चिरा पडतात.

बाभळीचे लाकूड पाण्यात बुडवून ठेवण्याची आपली जुनी चाल आहे. विहिरीत नाही तर डोहात महिना-दीड महिना ठेवायचे. त्यात तथ्य आहे. लाकडातला गोड-पिठूळ अंश पाण्यात उतरतो आणि किड्याला खायला उरत नाही. फक्त पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत टाकू नका.

मग वाळवण. लाकूड उन्हात नको, सावलीत रचा. जमिनीपासून फूटभर उंच दगडांवर थर लावा आणि थराथरात आडव्या काड्या घाला म्हणजे वारा खेळतो. खांबाच्या जाडीचे लाकूड वाळायला आठ-दहा महिने धरा. वाळले की नाही हे ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याच लाकडाचा हातभर तुकडा सोबत ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. वजन उतरत असेल तोवर आत पाणी आहे. लागोपाठ दोन-तीन वेळा तेवढेच भरले, की सुताराला बोलवा.

ओल्या लाकडाचा सांगाडा उभा केला तर काय होते? लाकूड आकसते, सांधे ढिले पडतात, तुळई पिळते. वर माळवदाचे ओझे असते. दिसायला घर उभे असते, पण सांध्यात जीव राहत नाही.

घराच्या आतल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी चांगले. १०० लिटर पाण्यात दोन्ही अडीच-अडीच किलो विरघळवायचे. साल काढलेले लाकूड ओलसर असतानाच हे पाणी देऊन काही दिवस झाकून ठेवले तर ते आतपर्यंत मुरते. पावसात भिजणाऱ्या लाकडाला मात्र हा उपाय टिकत नाही, पाण्याबरोबर औषध धुऊन जाते. हे द्रावण लेकरा-बाळांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा. वाळवीसाठी दुकानातून औषध आणाल तर लेबलवर इमारतीसाठी लिहिलेले प्रमाण पाळा. कपाशीचे मोजमाप घराला लावू नका.

दुसरे काम पायाचे

आपल्याकडे एक जुनी वाटणी आहे : पिकाला काळी आणि वस्तीला पांढरी. गाव पांढरीवर वसवायचे यात मोठे शहाणपण होते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिल-मेमध्ये शेतातल्या भेगेत हात जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या मातीवर भिंत उभी केली तर दरसाल ती भिंत वर-खाली होणार. म्हणून पाया काळ्या मातीत संपवायचा नाही, खाली मुरूम लागेपर्यंत जायचे. काळी फार खोल असेल तर जागा बदला. मळ्यात राहायला जायचे म्हणून भर काळ्या रानात घर घालणाऱ्यांनी हे नीट ऐकावे.

आता हिशेबासाठी एक घर धरू. बाहेरून २५ फूट लांब आणि १६ फूट रुंद, मधोमध एक आडवी भिंत, म्हणजे खोल्या दोन. बारा खांब, चार-चारच्या तीन रांगा. सगळ्या भिंतींची मिळून लांबी सुमारे १०० फूट.

पायाचा चर १०० फूट लांब, २ फूट रुंद आणि मुरूम लागेपर्यंत ३ फूट खोल धरला तर ६०० घनफूट खोदाई होते. एक गडी दिवसाला ६० घनफूट काढतो असे धरा. घरचे तिघे लागले तर चार दिवस.

चर दगडाने भरून जोते दोन फूट वर आणायचे, म्हणजे आणखी ३०० घनफूट. एकूण ९०० घनफूट बांधकाम. एक गवंडी दोन माणसांच्या हाताखाली दिवसाला साधारण ४० घनफूट करतो. दोन गवंडी असले तर बारा दिवस.

म्हणजे पाया आणि जोते मिळून १६ दिवस. इथे माझी सूचना अशी की पहिल्या उन्हाळ्यात एवढेच करा. जोत्यात मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने ठोका, वरून उतार देऊन मातीने लिंपा आणि एक पावसाळा जाऊ द्या. जोते बसायचे तेवढे बसते. दुसरा फायदा असा की खर्च दोन वर्षांत विभागतो आणि बियाण्याच्या पैशाला हात लागत नाही. लाकूडही तोवर वाळतेच आहे, तेव्हा यात एकही दिवस वाया जात नाही.

तिसरे काम सांगाड्याचे

दिवाळीनंतर सुतार लावा. खांब तासणे, तुळयांना खाचा करणे, दारे-चौकटी, या कामाला दोन सुतारांचे २० दिवस धरा. या वेळी चार गोष्टी सांगून करून घ्या.

एक, खांब जमिनीत गाडू नका. खाली दगडी तळखडा बसवा आणि खांब त्यावर उभा करा. खांब सरकू नये म्हणून तळखड्यात लोखंडी खुंटी घाला आणि ती खांबाच्या बुडात बसवा.

दोन, खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तिरपे टेकू द्या आणि ते नट-बोल्टने आवळा. जुन्या घरांत तुळई नुसती खाचेत बसवलेली असते. ती वरचे ओझे झेलते, पण बाजूने धक्का बसला तर सांगाडा डुलतो. तिरपा टेकू असला की डुलत नाही. बाजेला आडवी दोरी आवळली नाही तर ती कशी तिरकी होते, तसेच हे आहे.

तीन, गाभ्याचे लाकूड वापरा. कडेचा पांढुरका भाग किडा आधी खातो, तो तासून टाका.

चार, भिंतीत दडणाऱ्या खांबाला आधी डांबर फासा. जुन्या घरांत खांब भिंतीत गाडलेला असतो आणि ओल धरून बुडाशी कुजतो. बाहेरून ते दिसतही नाही.

तयार सांगाडा उभा करायला दोन दिवस पुरतात, पण माणसे दहा-बारा हवीत. अशा कामाला सावड करावी. आज तुमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे.

चौथे काम भिंतीचे : इथे घाई करू नका

बंधूंनो, या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, वेळ ३ वाजून ५६ मिनिटे. औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर जिल्ह्यात आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता.

माणसे कशाने गेली? बहुतेक माणसे घराखाली गेली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचा जाड थर. पण पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या, पण खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे आपल्या पूर्वजांची लाकडाची रीत चुकीची नव्हती. घात केला तो भिंतीच्या बांधणीने आणि माळवदाच्या वजनाने.

जुनी भिंत दोन पदरी असते. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये बारीक दगड आणि माती. दोन्ही पदरांना जोडणारे काहीच नसते. धक्का बसला की एक पदर बाहेर पडतो आणि एक आत, झोपलेल्या माणसांवर. गोधडीचे दोन पदर दोऱ्याने शिवले नाहीत तर ते सुटे होणारच.

भिंतीचा तो दोरा म्हणजे जोडदगड. आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत पोचणारा एकसंध दगड. भूकंपाचा विचार करून केलेली राष्ट्रीय मानके सांगतात की भिंतीच्या दर दोन फूट उंचीला जोडदगडांची एक ओळ हवी आणि त्या ओळीत दर चार फुटांवर एक जोडदगड हवा. भिंतीची जाडीही दीड फुटाच्या आत ठेवावी. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, हा समज सोडून द्या. वजन वाढवून भिंत भक्कम होत नाही, ती जोडाने होते.

आपल्या घराचा हिशेब करू. भिंत १०० फूट लांब, ८ फूट उंच, सव्वा फूट जाड. दारे-खिडक्या वजा जाता ९०० घनफूट. दोन गवंड्यांचे बारा दिवस. आता जोडदगड किती? २, ४ आणि ६ फुटांवर अशा तीन ओळी, दर ओळीत पंचवीस, म्हणजे ७५. शिवाय कोपऱ्यांत भिंतीला भिंत गुंतवणारे लांब दगड, ते धरून नव्वदच्या घरात. एक पाथरवट दिवसाला पंधरा दगड घडवतो असे धरले तर सहा दिवसांचे काम. तेवढे लांब दगड मिळत नसतील तर दोन्ही टोकांना आकडा असलेली लोखंडी सळई घालून काँक्रीटचे ठोकळे घरी ओतता येतात. ते पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत ओतून ठेवा.

सहा दिवस! सोळा महिन्यांच्या कामात सहा दिवस. गवंडी म्हणेल, "मालक, कशाला वेळ घालवता? आमच्या बापजाद्यांनी असंच बांधलं." त्याला शांतपणे सांगा, की दगड घडवून तयार आहेत, तू फक्त बसव. आणि ओळ आली की स्वतः उभे राहून मोजा. भिंत लिंपल्यावर जोडदगड आहे की नाही हे कोणालाच दिसत नाही. घरधन्याने मोजायचे ते लिंपण्याआधीच.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सगळ्या भिंतींवरून सलग लाकडी पट्टा फिरवा. तीन इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा दोन लाकडी पट्ट्या समांतर ठेवायच्या, मध्ये दीड-दीड फुटावर आडव्या काड्या ठोकायच्या. आडव्या ठेवलेल्या शिडीसारखे हे दिसते. कोपऱ्यात तुटू द्यायचा नाही. पिंपाला जशी लोखंडी कडी, तसा घराला हा पट्टा. याला दोन दिवस.

मातीतली भिंत एका दिवसात दोन फुटांपेक्षा जास्त उचलू नका, खालचा थर सुकू द्या. हे सगळे धरून भिंतींना २० दिवस मोजा.

आणखी एक मार्ग आहे. दगडी भिंत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत, म्हणजे तीन फूट आणा आणि वर कूड करा. बांबूच्या कांबट्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या विणून दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायचे. किनवट-माहूर भागात पूर्ण कुडाची घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. लाकूड तयार असेल तर छोटे कुडाचे घर तीन-चार आठवड्यांत उभे राहते. ते वजनाला हलके, त्यामुळे धक्क्यात माणूस दगडाखाली सापडत नाही. दरसाल लिंपण मात्र करावे लागते आणि आगीपासून जपावे लागते. चूल कुडाला लागून ठेवू नये.

पाचवे काम माळवदाचे

तुळयांवर सर, सरांवर किलच, त्यावर लिंबाचा पाला आणि वर पांढरी माती, ही रीत तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात माळवदाखाली जी गारवाई असते ती पत्र्याखाली मिळत नाही, हे खरे. पण त्याचे वजन कोणी मोजले आहे का?

२५ गुणिले १६ म्हणजे ४०० चौरस फूट. मातीचा थर एक फूट जाड असला तर ४०० घनफूट, म्हणजे चार ब्रास माती. एक घनफूट सुकी माती साधारण ४५ किलो. म्हणजे १८,००० किलो, १८० क्विंटल! शंभर किलोची १८० पोती डोक्यावर ठेवून आपण झोपतो. पावसात भिजली की वजन आणखी वाढते. थर दीड फूट असेल तर २७० क्विंटल. तेवढ्याच जागेवरचा पत्रा दोन-अडीच क्विंटल भरतो.

आणि हा थर दरसाल वाढतो. मृगाच्या आधी माळवद गळू नये म्हणून आपण वर नवी माती टाकतो, जुनी काढत नाही. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपण टाकतो. अर्ध्या फुटाचे माळवद तीन पिढ्यांत दीड फुटाचे होते. तुळया मात्र आजोबांच्याच.

यावर उपाय सोपा आहे. नव्या घराला चार ते सहा इंचांपेक्षा जास्त माती घालू नका. पाल्यावर आधी जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर माती घाला. गळती थांबवायचे काम कागद करतो, मातीने फक्त ऊन अडवायचे. पन्हाळीकडे उतार द्या. आणि दरसाल जेवढी नवी माती टाकाल तेवढी जुनी खरवडून आधी खाली काढा. खाली काढलेली माती ओसरीच्या भरावाला उपयोगी पडते.

सर, किलच, पाला, कागद, माती, पन्हाळी, या सगळ्याला १० दिवस. शेवटी गिलावा, जमीन, दारे-खिडक्या बसवणे याला १५ दिवस.

आता सगळ्या दिवसांची बेरीज

पहिले वर्ष :
पौष-माघ : झाडतोड, साल काढणे, रचणे. (हे काम शेतीच्या सवडीने, बेरजेत धरलेले नाही.)
चैत्र-वैशाख : पाया व जोते, १६ दिवस.
पावसाळा : लाकूड वाळते, जोते बसते. रिकाम्या दिवसांत जोडदगड घडवणे.

दुसरे वर्ष :
दिवाळीनंतर : सुतारकाम, २० दिवस.
हरभरा-ज्वारीची काढणी झाल्यावर, होळीनंतर : सांगाडा २ दिवस, भिंती २० दिवस, माळवद १० दिवस, शेवटचे काम १५ दिवस. एकूण ४७ दिवस.

१६, २० आणि ४७ मिळून ८३ दिवस. होळीनंतर सुरुवात केली तर काम वैशाखात संपते आणि मृगापर्यंत काही आठवडे हाताशी राहतात. ते राहायलाच हवेत. लग्नसराईत गवंडी दोन-चार दिवस येत नाही, अवकाळी पाऊस येतो, घरात आजारपण निघते. हिशेबात सवड ठेवली नाही, तर ती भिंतीच्या कामातून कापली जाते. आणि सगळ्यात आधी कापले जातात ते जोडदगडाचे दिवस.

एवढे करूनही वैशाख संपत आला आणि माळवद झाले नाही, तर काय करायचे? घाईने ओल्या भिंतीवर ओझे चढवू नका. भिंतींच्या माथ्यावर पत्रे किंवा ताडपत्री बांधा, दगड ठेवा आणि पेरणीला लागा. पुढच्या वर्षी माळवद चढवा. घर एक वर्ष थांबते, वाफसा थांबत नाही.

ज्यांची घरे उभी आहेत त्यांच्यासाठी

नवे घर सगळ्यांना बांधायचे नाही. पण जुन्या माळवदात राहणारे पुष्कळ आहेत, आणि जमीन शांत झाली असे समजू नका. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के नांदेडकडेही जाणवले. तेव्हा या आठवड्यात एवढे करा.

माळवदावर पहार खुपसून मातीची जाडी मोजा. सहा इंचांपेक्षा जास्त असेल तर जादा माती उतरवा. हे काम दोन-तीन माणसांचे, चार-पाच दिवसांचे आणि जवळजवळ बिनखर्चाचे आहे. एका बाजूची सगळी एकदम काढू नका, चारी बाजूंनी थोडी-थोडी सारखी काढा.

भिंतीला पोट आले आहे का पाहा. असेल तर त्या भिंतीकडे बाज टाकू नका आणि तो भाग उतरवून पुन्हा बांधा. उभ्या भिंतीतही जोड घालता येतो. एक-एक दगड हळूच काढून आरपार भोक पाडायचे, त्यात आकड्याची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. किल्लारीनंतर जुनी घरे मजबूत करताना ही रीत वापरली गेली. हे काम माहीतगार गवंड्याकडूनच करून घ्या. पंचायत समितीच्या बांधकाम शाखेतल्या अभियंत्याला आधी दाखवा.

खांबांची बुडे सुईने किंवा खिळ्याने टोचून पाहा. खिळा सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे टेकू एका दिवसात चार-पाच बसतात.

घरकुलाच्या योजनेत नाव असेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. तिथे कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्ता मिळतो. हप्त्यासाठी टप्पा लवकर दाखवायची घाई होते, तिथेही पाया मुरमापर्यंत आणि कोपऱ्यांचा जोड या दोन गोष्टी सोडू नका.

शेवटी

भगिनींना एक वेगळी विनंती आहे. भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीच्या कामात लातूर-उस्मानाबादच्या गावांतून महिला मंडळांनी पुढाकार घेतला होता. बांधकामावर नजर ठेवणे, घरोघर समजावून सांगणे ही कामे त्यांनी केली. घरात जास्त वेळ तुम्हीच असता. तेव्हा गवंड्याच्या कामावर मालकाइतकीच तुमचीही नजर असू द्या. दगड मोजायला शिक्षण लागत नाही.

आणि सगळ्यांना एक सांगणे. यंदा बांधावरचे एक झाड तोडाल तर पाच लावा. बांबूचे बेट लावले तर त्यातल्या काठ्या तीन-चार वर्षांच्या झाल्या की कुडाला आणि किलचांना वापरता येतात. साग-लिंबाचा खांब व्हायला वीसेक वर्षे लागतात, म्हणजे आज लावलेले रोप नातवाच्या घराचा खांब होईल. तेव्हा घर किती दिवसांत होते, या प्रश्नाची सुरुवात खरे तर रोप लावण्याच्या दिवसापासून होते.

लक्षात ठेवायच्या पाच गोष्टी पुन्हा एकदा :

१. लाकूड पौष-माघात तोडा आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत सावलीत वाळवा.
२. पाया काळ्या मातीत संपवू नका, मुरमापर्यंत न्या.
३. खांबाखाली तळखडा आणि सांध्याला तिरपा टेकू द्या.
४. भिंतीत दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर जोडदगड घाला. लिंपण्याआधी स्वतः मोजा.
५. माळवद सहा इंचांच्या आत ठेवा. नवी माती टाकण्याआधी जुनी काढा.

हे पत्रक घरात खिळ्याला अडकवून ठेवा आणि गवंडी कामाला आला की त्याला वाचून दाखवा. तुमचे काही प्रश्न असतील तर आमच्या कार्यक्रमाला पत्राने कळवा, पुढच्या भाषणात त्यांची उत्तरे देऊ.

नमस्कार.